वय एकाच अंगठ्याला येत नाही

देवळाली कॅम्पातल्या डॉक्टर गायधनीबाई पेशंटचं नाव विचारण्याआधी त्याचे हात मागायच्या. "आणा इकडे," म्हणत दोन्ही पंजे खिडकीच्या उजेडात धरायच्या. दहाही नखं बघून झाली, की मग म्हणायच्या, "हं, आता नाव सांगा." समोर जवान असो की भाजीवाली, त्वचेच्या या डॉक्टरांची रीत एकच.

आमची गाठ पडली ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, माझ्या सासूबाई, माई, यांच्यामुळे. माझा मुलगा तेव्हा दोन महिन्यांचा होता. माईंच्या नखांवर उभ्या रेघा उमटल्या होत्या, चकाकी गेली होती. शेजारीण सहज बोलून गेली, "माई, ही बुरशी दिसते हो. बाळाला लागेल." त्या दिवसापासून माईंनी नातवाला हात लावला नाही. कणीक मळणंही सोडलं. हात पदराखाली घेऊन पाळण्याशी नुसत्या उभ्या राहायच्या. मला ते बघवेना. शेवटी मी त्यांना दवाखान्यात नेलं. सोबतीला सासरे, आप्पा, आले.

बाईंनी माईंची नखं पाहिली, बोटाने चाचपली. "रेघा मुळापासून टोकापर्यंत सरळ आहेत, दहाही नखांना सारख्या. रंग बदललेला नाही, भुगा नाही, नख उचललेलं नाही. माई, हे वय आहे. केस पिकले ते कुणाला लागले का?"

"म्हणजे बाळाला घेऊ?" माईंनी विचारलं.

"आज घरी गेल्या गेल्या घ्या."

चपला बाहेर काढून आलेल्या आप्पांच्या पायाकडे तेवढ्यात बाईंची नजर गेली. उजव्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड, कडेला उचललेलं. "आप्पा, पाय वर घ्या."

"त्यात काय बघायचं? वय झालं, चालायचंच."

"वय एकाच अंगठ्याला येत नाही," बाई म्हणाल्या. तरी नुसत्या नजरेवर त्यांनी भरवसा ठेवला नाही. "डोळा फसतो, काच सहसा फसत नाही," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. नखाखालचा भुगा खरवडून काचेवर घेतला, औषधाचा थेंब टाकला आणि काही वेळाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बुरशीचे तंतू दिसले. आप्पांनाही बोलावून दाखवले.

त्या संध्याकाळी माईंनी बाळाला मांडीवर घेऊन तेल लावलं, बाळ झोपलं तरी थांबेनात. आप्पांच्या गोळ्या कित्येक महिने चालल्या. ते कुरकुरले की बाई म्हणायच्या, "पायाचं नख बैलगाडीने येतं. वाट बघा." वर्ष उलटल्यावर अंगठ्याला स्वच्छ नख आलं.

पुढे ऐंशीच्या दशकात दवाखाना बंद करून बाई सिन्नरला बहिणीकडे राहायला गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्या ओट्यावर मटार सोलत होत्या आणि त्यांच्या नखांना लालभडक रंग होता. मी बघतच राहिले.

"जन्मभर लोकांना सांगितलं, रंग पुसून या," त्या म्हणाल्या. "मग मीच कशी लावणार? आता लावते. आवडतं मला."

आणि मटारचं ताट त्यांनी माझ्याकडे सरकवलं.