पंगतीतली जागा

मार्केट यार्डातल्या हमालांच्या टोळीत दशरथची अर्धी हयात गेली. दुपारी ही माणसे गाळ्यासमोर गोल बसून डबे उघडत, एकमेकांच्या भाजीत भाकरी बुडवत. दशरथच्या आजोबांना गावच्या पंगतीत जागा नव्हती. घराण्याने धम्म स्वीकारल्याला पिढ्या लोटल्या, तरी या गोलातली आपली जागा त्याने कधी गृहीत धरली नाही.

त्याच्या मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होत्या. शौचातून रक्त जाई. औषधे बदलूनही गुण येईना, तेव्हा सर्जन नीरजाबाईंनी आतडे काढण्याचा सल्ला दिला. मल पोटावर लावलेल्या पिशवीत येईल, काही महिने किंवा कायमच. अंगात त्राण असताना केलेली शस्त्रक्रिया आणि आतडे फुटल्यावर केलेली, यांत फार अंतर असते, असे त्या म्हणाल्या. त्याला चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या दुखणे झाकतात. पोट फुगले तर दुखत नसले तरी ताबडतोब या, हेही त्यांनी बजावले.

त्याची बायको चंपा तयार होती. दशरथ एवढेच म्हणाला, "ती पिशवी लावून मी त्यांच्यात जेवायला बसू?"

त्याने स्वतःपुरती कसोटी ठरवली: पोते उचलले जाते तोवर शस्त्रक्रिया नाही. पोते रोज उचलले जाई. कारण खचलेल्या माणसाला न बोलता हलका माल द्यायचा, असा टोळीचा नेम होता. गूळ आणि कांदा इतरांनी घेतला. दशरथच्या पाठीवर सुक्या मिरचीची पोती येऊ लागली. त्याने विचारले, तर आज मालच तसा आलाय, असे मुकादम श्याम सांगे. दशरथला ते उमजत नव्हते असे नाही. पण कसोटीत वजनाची अट नव्हती. ज्यांच्यापासून तो आजार लपवत होता, त्यांना तो ठाऊक होता. आणि ठाऊक असल्याचे ते त्याच्यापासून लपवत होते.

एका दुपारी चंपाने फोन केला.

"आज काहीच दुखत नाही," दशरथ म्हणाला. कित्येक महिन्यांत त्याचा आवाज इतका मोकळा नव्हता. भूक मात्र नाही, पोट गच्च झालेय, सदऱ्याची बटणे ताणताहेत, असेही त्याने सहज सांगितले.

मागून श्यामची हाक आली, "दशरथ, चल रे. तुझ्यावाचून कोण डबा उघडतोय?"

"फोन श्यामभाऊंना द्या," चंपा म्हणाली. "आत्ता."

"जेवून देतो."

तिने पुन्हा लावला. फोन मिरचीच्या पोत्यावर वाजत राहिला. दशरथ आपल्या जागेवर जाऊन बसला होता.