चौथी पास

आईची परीक्षा आमच्याच शहरातल्या गोरखपूर भागातल्या एका दवाखान्यात झाली. घड्याळ काढा, शंभरातून सात-सात वजा करत जा, पाच शब्द लक्षात ठेवा. परीक्षा घेणारी मानसतज्ज्ञ माझ्या मुलीच्या वयाची होती. तिनं आम्हाला समजावलं की नुसत्या आजच्या गुणांवरून काही कळत नाही. आधी डोकं किती चालायचं ते कळलं, तरच किती गेलं ते सांगता येतं. मुळात हुशार असलेला माणूस बरंच गमावूनही पास होतो आणि घरचे निर्धास्त राहतात. म्हणून तिनं आईचं शिक्षण विचारलं, काम विचारलं.

उत्तर बाबांनी दिलं. "चौथी पास हैं. शुरू से ही ऐसी हैं, सीधी-सादी."

मी शेजारीच बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आई चौथी पास, हे खरंच. पण बाबा कारखान्यातल्या बढतीच्या परीक्षेत दोनदा आपटले, तेव्हा तिसऱ्या खेपेला त्यांचं पुस्तक आधी तिनं वाचलं. दातेरी चाकांचं गणित त्यांच्या डोक्यात शिरेना, तर तिनं डब्यांची एक मोठं, एक लहान अशी दोन झाकणं फरशीवर एकमेकांना टेकवून फिरवली आणि त्यांना फेरे मोजायला लावले. मी दहा वर्षांची होते, मलाही कळलं. बाबांना दोन दिवस लागले. बसमध्ये अनोळखी बाईच्या अंगातला स्वेटर एकदा निरखला की ती घरी तस्सा विणायची, तोही दुसऱ्या मापात. बाबा पास झाले, चार्जमन, म्हणजे कामगारांवरचे साहेब, झाले आणि पुढची चाळीस वर्षं पाहुण्यांना स्वतःच्या मेहनतीची कथा ऐकवत राहिले. आई चहा आणून द्यायची आणि हसायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून आम्हीही हसायचो.

त्या दिवशीही मी मूठ झाकलेलीच ठेवली, त्याची मला अजून लाज वाटते. चौथी पास बाईच्या मानानं गुण ठीक आहेत, वर्षानं या, असं सांगून आम्हाला परत पाठवलं. मदन महलला घरी येईपर्यंत बाबा खुशीत होते.

वर्षभरात आईनं एकच बाही विणली. कुठं संपवायची ते तिला कळेना. ती बाही माझ्या उंचीएवढी झाली. मग मी बाबांना विचारलंच, खोटं का बोललात म्हणून. ते म्हणाले, "त्या एवढ्याशा पोरीसमोर माझी इज्जत काहून काढाले निघाली तू?" चोराच्या उलट्या बोंबा. म्हणजे त्यांना सगळं आठवत होतं. जिच्या डोक्याच्या जोरावर हे साहेब झाले, तिचंच डोकं यांनी मोडीत काढलं.

दुसऱ्या खेपेला मी तिथं सगळं सांगून टाकलं. झाकणं, पुस्तक, स्वेटर, काही ठेवलं नाही. बाबा मान खाली घालून बसले. मानसतज्ज्ञ लिहिता लिहिता थांबली आणि तिनं मायेनं आईला विचारलं, हे खरं का.

त्या सकाळी आईला माझं नाव आठवलं नव्हतं. पण तिनं बाबांकडे पाहिलं, पदर सारखा केला.

"नहीं बेटा, होशियार तो ये हैं," ती म्हणाली. "मला काहून येईल एवढं?"

बाबांनी सोडलेला सुटकेचा श्वास मला ऐकू आला.