डुकराचा नैवेद्य

आमच्या मुलीला डुकरं का आवडतात हे मला अजून कळलेलं नाही. सुरुवात मोबाइलवरच्या कार्टूनने झाली असणार, पण कार्टून सगळीच पोरं बघतात आणि विसरतात. ही विसरली नाही. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पेन्सिलीच्या डब्यावर डुक्कर, पाण्याच्या बाटलीवर डुक्कर, आणि पाच वर्षांचा धाकटा ताईच्या मागून हुंकारत घरभर रांगणारा. बिरवाडीत आम्ही भाड्याने राहतो, नवरा कारखान्यात शिफ्टला जातो. खालच्या मजल्यावर मुलीची जिवाभावाची मैत्रीण राहते. त्यांच्या घरात या प्राण्याचं नाव काढलेलं चालत नाही, हे कळल्यावर हिने आपणहून त्याला 'गुलाबी' म्हणायला सुरुवात केली. कुणाचं मन दुखलं तर हिला जेवण जात नाही. मागे हिच्या हातून मांजराच्या पिल्लाच्या पायावर दार लागलं होतं. पिल्लू थोड्याच दिवसांत उड्या मारायला लागलं, ही मात्र कितीतरी दिवस दाराला हात लावायला तयार नव्हती.

डुकरांची खरी माहिती असलेला घरात एकच माणूस, माझे सासरे, आणि त्यांना डुक्कर म्हटलं की तिडीक यायची. ते पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वाडीत एकटे राहत. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. वाडीतल्या बाकीच्यांनी रानडुकरांपुढे हात टेकले आणि शेतं ओसाड टाकली. हिरवं उरलं होतं ते घरामागचं आमचं एक शेत. त्याभोवती खुंट ठोकून जुन्या साड्या आडव्या बांधलेल्या असत. वाऱ्याने साडी फडफडते, माणसाचा वास येतो, जनावर बिचकतं, असा हिशेब. तसं कुंपण इतरांनीही करून पाहिलं होतं, पण सासऱ्यांच्या कुंपणात सगळ्या साड्या सासूबाईंच्या होत्या, आणि त्यांच्या मते फरक तिथेच होता.

"जिती होती तवा पण डुकरं तिला घाबरायची," ते म्हणत. "आता पण घाबरतात."

आम्ही हसायचो. नवऱ्याला मात्र हसू येत नसे. आदल्या वर्षी भर पावसात राखणीला बसलेले सासरे बांधावरून घसरले आणि उजाडल्यावर शेजाऱ्याने पाहीपर्यंत चिखलात पडून होते. त्यानंतर बापलेकांत बोली झाली होती. यंदा कुंपण टिकलं तर बाबांनी आपल्या घरात राहावं, पुन्हा कुणी विषय काढायचा नाही. डुकरं आत शिरली तर घराला कुलूप लावायचं आणि बिरवाडीला यायचं, कायमचं. सासऱ्यांनी एका शब्दात होकार दिला. त्यांचा भरवसा साड्यांवर होता.

गणपती गेल्यानंतरच्या रविवारी मी मुलांना घेऊन वाडीवर गेले. नवरा ड्युटीवर होता. भात नुकतं दुधात आलं होतं, कोवळा दाणा भरत होता, आणि डुकरांना याच दिवसांत वास लागतो. गणपतीच्या कारखान्यात उरलेली शाडूची माती मुलीने मागून आणली होती. पाय धुवायच्या आधीच तिने जाहीर केलं की आज डुकराचा सण आहे.

"गाईला वसुबारस असते, नागाला नागपंचमी असते, बैलांना पण ओवाळतात. डुकरालाच काही कसं नाही?"

"त्याला सण कशाला गो?" सासरे म्हणाले. "त्याला रोजच सण हाय. शेत आपलं नि जेवण त्याचं."

मी मुलांना वराह अवताराची गोष्ट सांगितली, विष्णूने डुकराचं रूप घेऊन बुडालेली पृथ्वी सुळ्यावर वर काढली ती. मुलीने आजोबांकडे असं पाहिलं की आता बोला.

"काढली आसंल," ते म्हणाले. "तवापासूनच त्याला उकरायची खोड लागली."

पण नातीपुढे माणूस किती वेळ ताठ राहणार. तिने मातीचं डुक्कर गुलाबी रंगवायला घेतलं तेव्हा त्यांना राहवेना. आपल्याकडचा काळा असतो, मानेवर उभे केस असतात, असं म्हणत ते स्वतःच चुलीमागची काजळी खरवडून घेऊन आले. केसांसाठी नारळाची शेंडी आली. पिल्लं केली तर त्यांच्या पाठीवर खारीसारखे पट्टे पाहिजेत आणि मोठेपणी ते जातात, हेही त्यांनीच सांगितलं. व्यायच्या आधी डुकरीण तोंडाने गवत ओढून आणते, त्याचा ढीग करते आणि त्यात शिरून बसते, हे ऐकून धाकटा गोधडीत शिरला तो जेवायलाच बाहेर आला. दुपारी त्यांनी मुलांना ओढ्याकाठी नेऊन डुकरांची चिखलात लोळायची जागा दाखवली, खुरांचा माग दाखवला. ज्याला जन्मभर शिव्या घातल्या त्याच्याबद्दल हा माणूस इतक्या आवडीने बोलत होता की मला गंमत वाटली. बरंही वाटलं. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

मग डुकराची आरती झाली आणि स्टीलच्या ताटलीत उकडलेल्या रताळ्यांचा नैवेद्य दाखवला.

"ही तर मातीची आहेत," मुलगी म्हणाली. "खऱ्या डुकरांना नैवेद्य कोण देणार?"

सासरे दरवर्षी शेताच्या राखणदार देवाला बांधावर नारळ आणि भात ठेवतात, ते तिने पाहिलेलं होतं. मी पिशव्या भरत होते. देईल कुणीतरी, आवर लवकर, एसटी जाईल, एवढंच मी म्हटलं.

सोमवारी सकाळी शेजाऱ्याचा फोन आला. मुलं शाळेत गेली होती, नवरा कारखान्यात. मी मिळेल त्या गाडीने वाडीवर पोचले. शेत असं राहिलंच नव्हतं. भात चिखलात आडवं झालेलं, मध्येमध्ये नांगर फिरवल्यासारखी माती वर आलेली. ओढ्याच्या बाजूला सासरे उभे होते. त्यांच्या हातात कालची नैवेद्याची स्टीलची ताटली होती, चाटूनपुसून साफ झालेली. दोन खुंटांमधली जागा मोकळी होती आणि तिथली जांभळी साडी बांधावर ठेवलेली होती, नीट घडी घालून, उडू नये म्हणून वर दगड ठेवून. डुकरांना घडी घालता येत नाही. ती घडी कुणाची ते मी बघताक्षणी ओळखलं, कारण तशी घालायला मीच शिकवलं होतं. पाहुण्याला जेवायला बोलावलं म्हणजे दार उघडं ठेवायला हवं, तेवढंच तिने केलं होतं.

मी तिथेच बांधावर बसून रडले.

"बाबा, मी ह्यांना सांगते," मी म्हटलं. "कुंपण टिकलंच होतं. बोलीप्रमाणे तुम्ही इथेच राहायचं."

सासऱ्यांनी साडीची घडी मोडली आणि ती पुन्हा खुंटाला बांधायला घेतली. आत राखण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"त्याला सांगशील तर तो पोरीला बोलल," ते म्हणाले. "नाय बोलला तरी कवातरी तोंडातून निघंल. मांजराच्या वेळी तिचं काय झालं ते इसरलीस?"

"पण तुमचं घर जातंय."

"माझंच जातंय ना? तिच्या माथ्यावर कशाला?" त्यांनी गाठ ओढून पाहिली. "डुकरं आपल्या मनानं आली. इतकंच बोलायचं."

संध्याकाळी नवरा आला. शेताला फेरी मारून आला तेव्हा तो चिडलेला नव्हता, उलट आवाज मऊ होता.

"साड्यांना कुठे डुकरं घाबरतात, बाबा? आता तरी पटलं ना?"

सासऱ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "पटलं," ते म्हणाले. घर सोडण्यापेक्षा त्यांना तो शब्द जास्त जड गेला असं मला वाटतं. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, पण मी ते गिळलं. बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. त्या दिवशी मात्र मला माझ्या नवऱ्याचा राग आला, त्याचा काही दोष नसताना.

बिरवाडीला आल्यावर मुलीने आजोबांना एका बाजूला घेऊन हळूच विचारलं. मी ओट्याशी होते, मला ऐकू आलं. तिने सोडलेली साडी आपण त्याच संध्याकाळी परत बांधली होती, असं त्यांनी तिला सांगितलं. डुकरं वरच्या अंगाने, डोंगराकडून आली. ताटली होती तशीच होती. या माणसाला मी कधी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं, पण त्या दिवशी ते अडखळले नाहीत.

आता ते आमच्याकडेच असतात. सकाळी रस्त्याच्या कडेला बसून कारखान्याच्या बसगाड्या बघतात. कुंपणाच्या साड्या ते पोत्यात भरून घेऊन आले होते. त्यांची मी गोधडी शिवली, तीच ते अंगावर घेतात.

यंदा गणपती गेल्यावर मुलीने पुन्हा सण केला. तेच काळं डुक्कर, तीच पट्ट्यांची पिल्लं, त्यातल्या एकाचा कान तुटलेला. त्याच स्टीलच्या ताटलीत रताळी. आरती झाल्यावर ती आजोबांच्या शेजारी येऊन बसली. ती जरा खट्टू दिसत होती.

"मागच्या वर्षी त्यांनी माझा नैवेद्य खाल्लाच नाही ना, आजोबा?"

"नाय गो," सासरे म्हणाले. "शिवली पण नायत."

आणि त्यांनी ताटलीतलं एक रताळं सोलून तिच्या हातावर ठेवलं.