मदीहाची निवड

मानकोलीच्या गोदामातले कॉम्प्युटर लतीफनेच वर्षानुवर्षं सांभाळले होते. पण त्यांना व्हायरसपासून वाचवणारं सॉफ्टवेअर निवडायचं काम मालक विवेकसाहेबांनी नव्याने आलेल्या मदीहाला दिलं, आणि लतीफचा नुसता जळफळाट झाला.

मदीहाने दोन सॉफ्टवेअर दोन वेगळ्या ठेवलेल्या कॉम्प्युटरवर चालवून बघायला घेतली. एक तिच्या पसंतीचं होतं, दुसरं लतीफने सुचवलेलं. जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं झालं, तेव्हा लतीफने व्हायरसवाला जुना पेनड्राइव्ह तिच्या सॉफ्टवेअरच्या कॉम्प्युटरला लावला. त्याला तिची फजिती बघायची होती. पण स्क्रीनवर लाल इशारा आला आणि व्हायरस तिथेच अडकला. मग त्याने तोच पेनड्राइव्ह आपण सुचवलेल्या सॉफ्टवेअरच्या कॉम्प्युटरला लावला. तिथे व्हायरस बिनबोभाट आत शिरला.

दुपारी साहेबांनी विचारलं, "लतीफ, तुझं काय मत?"

इतकी वर्षं सांभाळलेले कॉम्प्युटर लतीफला धोक्यात घालायचे नव्हते. "मदीहाचंच घ्या, साहेब. मी व्हायरस सोडून बघितला. माझ्यावाल्याला तो कळलाच नाही."

मदीहाचा चेहरा उजळला. "लतीफभाई, माझ्यासाठी एवढी मेहनत घेतलीत?"

"घेतली ना," तो कसनुसं हसला. साहेब तिला शाबासकी देत होते, आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्याच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.