मामांचा भूगोल, माझी मराठी

रायगड जिल्ह्यात रागावण्यासारखं जे जे काही आहे, त्या सगळ्यावर माझे मामा कधी ना कधी रागावून झालेले होते. पेणच्या कोर्टात ते वकिली करत, आणि सकाळी घरातून निघतानाच रागावून निघत, म्हणजे कोर्टात पोचल्यावर त्यात वेळ जायला नको. एसटी उशिरा आली की कंट्रोलरवर रागावत, आणि वेळेवर आली की रागावायची संधी हुकली म्हणून ड्रायव्हरवर. कुणाची लग्नपत्रिका आली की तिच्यातल्या चुकांखाली लाल रेघा मारून ती परत पाठवत, मग त्याच लग्नाला जाऊन भरपेट जेवत. गणपती ठरवायला हमरापूरला जात तेव्हा मूर्ती फार हसते म्हणून कारागिराशी वाद घालत. न्याय करणाऱ्या देवानं इतकं हसू नये, असं त्यांचं म्हणणं. एकदा तो कारागीर हातातला ब्रश खाली न ठेवता म्हणाला, "वकीलसाहेब, तुमच्या घरात एक रागीट हाय ना? मग गणपती हसराच न्या." मामी तिथंच तोंडाला पदर लावून हसल्या. मामा घरी येईपर्यंत दोघांवरही धुसफुसत राहिले, पण मूर्ती हसरीच आली.

बारावी झाल्यावर मी वकील व्हायचं ठरवलं. आम्ही रोह्याशेजारी वरशाला राहायचो. तेव्हा आमच्याकडे आधी पदवी आणि मग वकिली असाच रस्ता लोकांना ठाऊक होता, त्यामुळे पदवीला विषय कोणता घ्यायचा यावर घरात रोज सभा भरू लागली. बाबा शाळेत शिक्षक. ते म्हणत राज्यशास्त्र घे, त्यात राज्यघटना येते. शेजारचे काका म्हणत कॉमर्स घे, वकिली नाही चालली तर बँकेत तरी लागशील. मला मराठी घ्यायची होती, पण मला कुणी विचारत नव्हतं. शेवटी बाबांनी पेणहून मामांना बोलावून घेतलं. आईनं वालाचं बिरडं केलं होतं. मामांनी ते दोनदा वाढून घेतलं, राज्यशास्त्र आणि कॉमर्स दोन्ही एका दमात मोडीत काढलं, आणि हात धुताना निकाल दिला: भूगोल.

बाबांना वाटलं ते चेष्टा करतायत. भूगोल घेऊन ही काय पृथ्वीवर खटला भरणार, असं ते म्हणाले आणि हसले. मामा मात्र असे भडकले की आई आतून पाणी घेऊन आली. इथल्या निम्म्या वकिलांना भरती कुठून येते ते माहीत नाही आणि खारजमिनीचे दावे लढवतात, असं ते ओरडत होते. मी मध्येच म्हटलं, मी मराठी घेणार. त्यावर ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मराठी तुला येते. येतं तेच शिकायला कॉलेज कशाला?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पेणच्या पलीकडे खाडीकाठच्या एका गावात नेलं. खाडीच्या पाण्यापासून शेतं वाचवायला तिथं मातीचा लांबच लांब बांध घातलेला होता. बांधाच्या आत जिथं भात असायला हवा, तिथं चिखल आणि खाऱ्या पाण्यात उगवणाऱ्या तिवरांची रोपं होती. मामांची एक म्हातारी अशील तिथं आली. शेजारच्या एका बड्या जमीनवाल्यानं मासे धरण्यासाठी बांध फोडला होता आणि तिचं शेत खाऱ्या पाण्याखाली गेलं होतं. मामांनी तिचा दावा लढवला आणि ते हरले. आत आलं ते पावसाचंच पाणी, असं समोरच्या वकिलानं सांगितलं, आणि ते खोडून काढण्याइतकं मामांना पाण्यातलं कळत नव्हतं. तो जमीनवाला कोर्टाच्या पायरीवर मामांना नमस्कार करून हसत गेला होता. हे सांगताना मामांच्या मानेच्या शिरा फुगल्या.

म्हातारी मात्र शांतपणे माझ्याशी बोलत होती. "पानी आयला तवा मी हितंच उभी होती, बाय. भात उभा होता, नि मी पन उभीच. मना काय करता आला नाय."

मी मामांना विचारलं, हे कोर्टात सांगितलं होतं का? त्यांनी दाव्यातलं वाक्य पाठ म्हणून दाखवलं: सबब वादग्रस्त मिळकतीत क्षारयुक्त जलाचा शिरकाव होऊन वादीचे अपरिमित नुकसान झाले आहे. मला संतापानं रडू यायला लागलं. मी म्हणाले, "यात ती कुठेय, मामा? ती उभी होती ना?"

मग आम्ही दोघं त्या बांधावर भांडलो. ते भरतीबद्दल ओरडत होते, मी भाषेबद्दल, आणि म्हातारी आळीपाळीनं आमच्याकडे बघत होती. परतीच्या एसटीत शेजारची जागा रिकामी असूनही मामा पुढे जाऊन बसले. मी मराठी घेतली. त्या सगळ्या वर्षांत ते आमच्याकडे येत, जेवत, आणि "तुमच्या साहित्यिक मुलीला मीठ वाढा" असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत. मलाही त्यांचा राग यायचा, आणि तो लपवायची गरज मला कधी वाटली नाही.

वकील होऊन मी उभी राहिले ती मात्र त्यांच्याच ऑफिसात. एके दिवशी त्या म्हातारीची सून आली. म्हातारी वारली होती, आणि त्याच माणसानं डागडुजी केलेला बांध पुन्हा फोडला होता. दावा मी लिहिला, सुनेनं सांगितला तसा, साध्या मराठीत. मामांनी तो उभ्यानं वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला. मी ओरडा खायच्या तयारीत होते. ते हळूच म्हणाले, "हिचं म्हणणं आलं. पाणी कुठून आलं ते राहिलं. चल."

उधाणाच्या दिवशी आम्ही पुन्हा त्या बांधावर गेलो. पाऊस नसताना खाडी कशी वर चढते आणि फुटलेल्या जागेतून आत कशी वळते, ते त्यांनी मला दाखवलं. तो पहिला दावा हरल्यापासून इतकी वर्षं ते एकटे इथं येऊन हे बघत, शिकत होते. हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी ते एकदाही आवाज चढवून बोलले नाहीत. चिखलात त्यांचा पाय घसरला तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

उलटतपासणी त्यांनीच घेतली, आणि तो जमीनवाला या वेळी हसला नाही. बांध बांधून द्यायचा हुकूम झाला. पण खारं झालेलं शेत हुकमानं गोडं होत नाही. त्याला पावसाळ्यामागून पावसाळे धुवावं लागतं. तेवढे पावसाळे मामांना मिळाले नाहीत.

पहिलं पीक आलं तेव्हा म्हातारीची सून पिशवीभर लाल तांदूळ घेऊन पेणला आली. मामींनी त्याच दिवशी त्याचा भात केला. नवा तांदूळ, पाण्याचा अंदाज चुकला आणि भात अगदी गिचका झाला. मामींनी तो तसाच वाढला. आम्ही दोघी मान खाली घालून जेवत राहिलो, आणि भात बिघडला म्हणून रागावायला कुणी नव्हतं.