खाडीवर त्या दिवशी वारा नव्हता

प्रिय रेवा आणि ईशान,

तुमच्या आजोबांना जाऊन परवा सहा आठवडे झाले. त्या दुपारी मी त्यांचा धुतलेला सदरा न्यायला दवाखान्यातून घरी आले होते. इस्त्री गरम होत होती आणि फोन आला... मी सदऱ्याला इस्त्री केली, घडी घातली आणि मगच निघाले. दुसरे काय करायचे ते सुचले नाही. पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर रेवा म्हणाली, की पुढच्या महिन्यात ती पाठीवर सॅक घेऊन ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याने फिरणार आहे, तिथेही मगरी आहेत, आणि आजोबांची अंदमानची गोष्ट तिला पाठ आहे. मग तिने ती सांगितलीसुद्धा. आजोबा पुढे, आजी मागे, मध्ये खाडी. आजोबांनी हाक मारली, वाऱ्यामुळे आजीला ऐकू आली नाही, म्हणून ते मगरीच्या पाण्यात परत उतरले. ईशान हसला. मीही मान हलवली. ही गोष्ट एका ठिकाणी खरी नाही, आणि ती दुरुस्त करू शकेल असे आता मी एकटीच उरले आहे.

आजोबांचे घर बावड्याजवळचे. त्यांच्या लहानपणी घरात मेंढरे होती. दिवाळी झाली की सगळे कुटुंब मेंढरांमागून चालत कोकणात उतरे. दहा वर्षांचे होईपर्यंत तेही चालले. पुढे मेंढरे विकली, घरचे शेतीला लागले, आणि हे शिकून पाटबंधारे खात्यात चिकटले. पण समुद्र त्यांच्या डोक्यातून गेला नाही, आणि चालतानाची एक रीतही. घाटातल्या धुक्यात पुढचा माणूस मागे हाक टाकायचा, "हाय का?" मागच्याने "हाय" म्हणायचे. उत्तर आले नाही तर पुढच्याने पुढे पाऊल टाकायचे नाही, माघारी फिरायचे. लग्नानंतर मोरगावच्या देवळातल्या गर्दीत त्यांनी मला पहिल्यांदा अशी हाक मारली तेव्हा मी लाजेने मेले. मी शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई, खालच्या आवाजात म्हणाले, "आहे." ते म्हणाले, "लागली हजेरी." पुढची पस्तीस वर्षे त्यांनी "हाय का?" विचारले आणि मी "आहे" म्हटले. दोघांपैकी कुणीच सुधारले नाही.

मी अठ्ठावन्न वर्षांची होऊन निवृत्त झाले, त्यानंतर चार महिन्यांनी त्यांनी अंदमान काढले. सहलीच्या गाडीतून नव्हे. सरकारी बोटी, साध्या बसगाड्या आणि उरलेले अंतर पायी. मी सामानाची यादी केली, त्यांनी ती खोडली आणि त्या उकाड्याच्या मुलखात न्यायला म्हणून एक घोंगडी सॅकला बांधली. बोटीवरचे लोक घोंगडीकडे बघत, हे त्यांना बसायला जागा देत. खरे सांगायचे तर ते पंधरा दिवस त्यांचे होते. मी सोबत होते, पण माझे मन ठिकाणावर नव्हते. सकाळी साडेदहा वाजले की मला शाळेची घंटा आठवे आणि आता आपली कुणाला गरज नाही, असे वाटे. हे मी त्यांना सांगितले नव्हते.

उत्तरेकडच्या एका बेटावर वाळूतून चालत पुढच्या गावाला जायचे होते. वाटेत एक खाडी समुद्राला मिळत होती. तिच्या काठी मगरीचे चित्र काढलेली पिवळी पाटी आणि वनखात्याची चौकी. तिथला वनरक्षक म्हणाला, ओहोटी संपत आली आहे. अजून गुडघाभर पाणी आहे. जायचे तर दोघांनी मिळून आणि आत्ता, नाहीतर संध्याकाळी होडीने सोडतो. मी होडीचे म्हणाले. माझ्या वहीत भरती-ओहोटीच्या वेळा उतरवलेल्या होत्या, त्या मी दाखवल्या. आजोबा त्यांच्या हिंदीत वनरक्षकाला म्हणाले, "हमारे बाई घंटा दिये बिना समुद्र को भी आत नहीं लेते." तो खो खो हसला. एरवी मीही हसले असते. त्या दिवशी ती घंटा मला लागली... ते दोन्ही सॅक घेऊन निघाले, मी मागोमाग येते आहे असे धरून. वनरक्षक चौकीच्या मागे गेला. मी बुटाची नाडी बांधत राहिले, आणि मग केवड्याच्या जाळीआड जाऊन बसले.

ते पलीकडे पोचले आणि वळले. "हाय का?" मला स्वच्छ ऐकू आले. पान हलत नव्हते. मी गप्प बसले. त्यांनी पुन्हा विचारले, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी आवाज वेगळा होता. माझे उत्तर आले नाही तर ते काय करतील, हे मला ठाऊक होते. रेवा, मला तेच हवे होते. त्यांनी परत यावे, मला शोधावे. त्यांनी सॅक खाली टाकल्या आणि ते पाण्यात उतरले. पाणी तोवर मांडीपर्यंत आले होते. त्यांच्या उजव्या हाताला, वीसेक पावलांवर, चिखलात एक ओंडका पडला होता. तो हलला, आणि जराही आवाज न करता पाण्यात गेला.

मी जाळीतून बाहेर धावले. माझ्या तोंडून निघाले, "हाय! मी हाय हितं! माघारी फिरा!" ते थांबले. मी बोट कुठे दाखवते आहे ते त्यांनी पाहिले. पाणी न उडवता, एकेक पाऊल टाकत ते पलीकडच्या काठाला परत गेले आणि वर चढून बसले. मग भरती आली. संध्याकाळी होडी येईपर्यंत आम्ही दोन काठांवर समोरासमोर बसून होतो. त्यांनी घोंगडी अंथरली होती. एवढ्या वेळात ते एकदाच बोलले, "पानी पिलीस का, बाई?" मी बाटली वर करून दाखवली.

होडीत वनरक्षकाने विचारले, बाई मागे कशा राहिल्या? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "हवा बहुत थी. सुनाई नहीं दिया." त्याने एकदा केवड्याकडे पाहिले आणि तो वल्हे मारू लागला. बारामतीला घरी आल्यावर तुमच्या आईला तेच सांगितले, शेजाऱ्यांना तेच, पुढे तुम्हाला तेच. दरवर्षी वारा वाढत गेला. शेवटी शेवटी तर वादळच झाले होते. मी चहा ओतत ऐकत असे.

त्यानंतरच्या बारा वर्षांत मी एकदाच धीर केला. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, एका सकाळी म्हणाले, "अहो, त्या खाडीवर..." त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "वारं लई हुतं गं." त्यांनी मला माफ केले, की मला बोलूच दिले नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. आता विचारणार कुणाला?

रेवा, तू जरूर जा. पाट्या वाच. सोबतच्या माणसावर रागावलीस तर रागाव, पण हाकेला ओ दे.

त्या प्रवासानंतर आजोबा माझ्यापुढे कधी चालले नाहीत. रोज सकाळी आम्ही कालव्याच्या कडेने पुलापर्यंत जायचो. मी पुढे, ते चार पावले मागे. पुढे चालणाऱ्याला हाक मारून विचारावे लागते, मागच्याला नुसते दिसते. मला वाटे, वय झाले. नंतर त्यांचा गुडघा खरोखरच दुखू लागला, तेव्हा मी न बोलता पाऊल आखूड केले. त्यांनाही ते कळले असणार.

मी अजूनही सकाळी सहाला निघते. पुलापर्यंत जाते आणि परत येते. माझे पाय चांगले आहेत, मला भराभर चालता येईल. पण चाल तीच उरली आहे, मागच्या माणसाचा गुडघा दुखणार नाही अशी.