शेडचं विचारताय तर ऐका

गावच्या ग्रुपवरच्या मंडळींनो, सकाळी स्मशानात जे झालं ते निम्म्या गावानं पाहिलंय. उरलेल्यांसाठी लिहितोय.

दादाराव अण्णांना अग्नी दिला. मग आपल्या रीतीप्रमाणं श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. माझी सरपंचकी संपलीय, तरी कुणीतरी दोन शब्द बोला म्हणून माझं नाव घेतलं. मी उठलो. म्हणलो, "अण्णांच्या जाण्यानं गावाचं लई नुकसान झालं."

तेवढ्यात अण्णांचे धाकटे भाऊ नामदेवकाका बोलले, "पाच वर्षं प्रत्येक मयतीला हेच ऐकलं. इथं शेड बांधणार होता, ते कुठंय?"

लोक हसले. मयतीत हसले.

शेड मंजूर करून आणलं होतं मीच. तिथं जायचा रस्ता काकांच्या बांधावरनं होणार होता. काकांनी वीतभर जागा सोडली न्हाय, काम अडलं आणि निधी परत गेला. ग्रामसभेत मी रस्त्याचा ठराव मांडला तेव्हा एक हात वर झाला न्हाय, कारण सगळेच काकांचे सोयरे. आज हसायला मात्र सगळे होते.

आणि काका हे बोलले कुठं उभं राहून? त्याच बांधावरच्या लिंबाच्या सावलीत. बाकी गाव उन्हात.

तिथं मी गप्प बसलो, कारण समोर त्यांचा भाऊ जळत होता. इथं विचारतो. काका, तुम्हाला आणायची वेळ येईल तेव्हा लोकांनी उन्हात उभं राहायचं का सावलीत, तेवढं तुम्हीच सांगून ठेवा.